लॉग पुसण्याआधी

सांगली

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

कुपवाड एमआयडीसीतला सर्व्हर रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट झाला, विंडोजच्या लॉगमध्ये ‘अनपेक्षितपणे बंद पडला’ यापलीकडे काही नाही, म्हणून मेमरी बदलून बघतो, असं तू लिहिलंस. मेमरीला इतक्यात हात लावू नकोस. वीज गेल्यावर विंडोज काय लिहिणार? मदरबोर्डवरची बीएमसी ही सर्व्हरवर लक्ष ठेवणारी चिप स्टँडबाय विजेवर वेगळी चालते आणि तिचा सिस्टिम इव्हेंट लॉग वीज गेली तरी पुसला जात नाही. तो काढ.

वाचायला बसण्याआधी बीएमसीचं घड्याळ बघ. बऱ्याच सर्व्हरांत ते यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर असतं. तसं असेल तर तुझे दोन-दहा लॉगमध्ये आदल्या तारखेला २०:४० ला सापडतील. पोरं आपल्या वेळेची नोंद शोधतात आणि लॉग कोरा म्हणून सोडून देतात.

मग सगळ्यात जुन्या नोंदीपासून नव्याकडे वाचत जा. ‘असर्टेड’ म्हणजे तक्रार सुरू झाली, ‘डीअसर्टेड’ म्हणजे मिटली. जोड्या लावत जा. दोन्ही पॉवर सप्लायचं ‘एसी लॉस्ट’ (बाहेरून येणारी वीज गेली) काही सेकंदांच्या अंतराने आलं आणि पुढे ‘प्री-इनिट’ वेळेच्या, म्हणजे घड्याळ लागण्याआधीच्या नोंदी दिसल्या, तर बीएमसीचीही वीज गेली होती असं बहुधा समज. दोन्ही वायरी एकाच यूपीएसला खुपसल्या आहेत का, ते मागे जाऊन डोळ्यांनी बघ. असल्या जोडणीला रिडंडन्सी, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर चालण्याची सोय, म्हणायला जीभ रेटत नाही.

मेमरीचं म्हणशील तर एखाद-दुसरी ‘करेक्टेबल ईसीसी’, म्हणजे मेमरीने आपली आपण सुधारलेली एरर, सोडून दे. एकाच स्लॉटवर सारखी येत असेल, तर ती डिम, म्हणजे मेमरीची पट्टी, दुसऱ्या स्लॉटमध्ये घाल. एरर डिमबरोबर नव्या स्लॉटवर गेली तर डिम खराब, जुन्या स्लॉटवरच राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसरची बाजू बघ. ‘अनकरेक्टेबल’, म्हणजे न सुधारता येणारी, मात्र चालवून घ्यायची नाही.

तापमानाच्या नोंदींत फॅनची तक्रार आधी आहे की नंतर, ते बघ. फॅन पूर्ण वेगात फिरत असूनही ताप चढला, तर खोली गार ठेवणारा एसी बंद होता किंवा हवा अडलीय. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर सर्व्हर असेल तर पुढची जाळी आधी उघड. हळदीचा पिवळा थर बोटाने खरवडावा लागतो.

लॉग भरला की काही सर्व्हर नवीन नोंद घेणंच थांबवतात, म्हणून तो पुसावा लागतो हे खरं. पण आधी सेव्ह कर. वॉरंटीवाले पहिल्यांदा तेच मागतात.

फाइल मला पाठव, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या तेही विचारून कळव.

तुझा,
काका