नियम पर्यटकाचा वेगळा, रहिवाशाचा वेगळा

जपानबद्दल मराठीत आणि इंग्रजीत जे काही वाचायला मिळते, त्यातले बरेचसे दहा-बारा दिवस फिरायला येणाऱ्यांसाठी लिहिलेले असते. इथे भाड्याने घर घेऊन राहणाऱ्याने तीच माहिती वापरली तर पैसे वाया जातात, आणि एखाद्या बाबतीत कायदाही मोडला जातो. वाचकांच्या या वेळच्या प्रश्नांमध्ये हा घोळ पुन्हा पुन्हा दिसला, म्हणून उत्तरे जरा सविस्तर देतो आहे.

प्रश्न (निशी-कासाई, तोक्यो): आई-बाबा एप्रिलच्या मध्यापासून तीन आठवडे येत आहेत. आम्ही चौघांसाठी जेआर पास काढावा का? बाबांचे गुडघे दुखतात. शनिवार-रविवारी त्यांना झेपेल अशी सहलही सुचवा.

तुम्हा दोघांना तो पास मिळणारच नाही. ठरावीक दिवस जेआर रेल्वेने कितीही फिरू देणारा, देशभर चालणारा जेआर पास अल्प मुदतीच्या पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे. रेसिडेन्स कार्ड असलेल्या भारतीयाला तो लागू नाही. आई-बाबांना मिळेल, पण घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) जाऊन-येऊन साधारण 28,000 येन पडतात, म्हणजे हिरोशिमापर्यंत जाऊन आलात तरी पासचे पैसे वसूल होत नाहीत. सुटी तिकिटे काढा. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहाला सुरू होते. 29 एप्रिलपासून गोल्डन वीकच्या सुट्ट्यांची गर्दी असते, म्हणून लांबचा प्रवास त्याआधीच उरका.

सहलीसाठी हाकोने, तोक्योजवळचा डोंगराळ भाग. शिंजुकूच्या ओदाक्यू स्टेशनवर ‘हाकोने फ्री पास’ मिळतो आणि तो कोणीही घेऊ शकतो, व्हिसा विचारत नाहीत. डोंगरावर चढणारी गाडी, केबल कार, रोपवे, आशी तलावातली बोट आणि बहुतेक बस त्यात येतात. रोमान्सकार या आरामगाडीचे जादा पैसे मात्र वेगळे. बाबांना फार चालावे लागणार नाही. फक्त रोपवेवरच्या ओवाकुदानी थांब्याला जमिनीतून गंधकाचा वायू निघतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तिथे उतरू नये अशी सूचनाच आहे. आईला किंवा बाबांना असा त्रास असेल तर हा टप्पा सरळ गाळा. मोठ्या बॅगा सोबत ओढू नका, ताक्क्यूबिनने (सामान पोहोचवणाऱ्या कुरियरने) आदल्या दिवशी हॉटेलवर पाठवून द्या.

प्रश्न (ओसाका): आम्ही कांदा-लसूणही न खाणारे. मुक्कामाची सहल म्हटली की डब्यांची तयारी करण्यातच शुक्रवार जातो. जिथे निर्धास्त जेवता येईल अशी एखादी जागा आहे का?

आहे, आणि तुमच्यापासून दोन तासांच्या आत आहे. कोयासान.

नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचे, तिथून केबल कारने वर. कूकाई या भिक्षूंनी 816 साली स्थापन केलेले हे शिंगोन बौद्ध पंथाचे पीठ. वर शंभराहून जास्त मंदिरे आहेत आणि त्यातली पन्नासेक मंदिरे पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात. या मुक्कामाला शुकुबो म्हणतात. रात्रीचे जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचे जेवण: मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊ गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफू, भाज्यांचा तेम्पुरा, वाफाळता भात, आणि सारासाठी कोम्बू (समुद्री शेवाळ) व शिताके (अळंबी) यांचे पाणी. इतरत्र आपली फसगत नेमकी याच पाण्यात होते. मिसो सूप, सोबा नूडल्सची त्सुयू (सोबतचा रस), अगदी उकडलेल्या पालकावरचा रससुद्धा बहुतेक ठिकाणी बोनितो माशाच्या दाशीचा (उकळून काढलेल्या अर्काचा) असतो. ‘मांस नको’ म्हटले की स्वयंपाकी प्रामाणिकपणे मांस काढतो, दाशी तशीच राहते. म्हणून हॉटेलात ‘कात्सुओ दाशी मो दामे देस’ (बोनितोची दाशीही चालत नाही) हे वाक्य तोंडपाठ असू द्या. आरक्षण करतानाही लिहून कळवा, आयत्या वेळी सांगून स्वयंपाकघर बदलत नाही. जैन असाल तर कंदमुळांचे वेगळे विचारा, ती शोजिनमध्ये चालतात.

जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, त्यामुळे दुपारीच पोहोचा. पहाटेच्या पूजेला पाहुण्यांना बसू देतात. मंत्रोच्चारात संस्कृत बीजाक्षरे कानी पडतात तेव्हा मराठी माणूस हमखास मान वर करतो. नंतर ओकुनोइनला जा. इचिनोहाशी पुलापासून कूकाईंच्या समाधीपर्यंत सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे, दोन्ही बाजूंना उंच सुगी वृक्ष आणि दोन लाखांहून जास्त शेवाळलेल्या समाधिशिळा. उंची आठशे मीटरच्या आसपास आहे, ओसाकात टी-शर्टचे दिवस असले तरी एक गरम कपडा ठेवा.

आणि कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर 2015 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. कोयासानला जाऊन आलेल्या कितीतरी मराठी मंडळींना हे माहीतच नसते. तुम्ही तरी चुकवू नका.

प्रश्न (नागोया): मला इथे येऊन दोन वर्षे झाली. दिवाळीत तीन आठवडे घरी गेलो तेव्हा आरटीओतून नवीन आंतरराष्ट्रीय परवाना आणला. आता गाडी भाड्याने घेऊन नागानोला जाता येईल ना?

नाही. कृपा करून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय परवाना जपानात उतरल्यापासून एक वर्षच चालतो, आणि इथे रहिवासी नोंद असलेला माणूस तीन महिन्यांच्या आत परतला तर ते वर्ष नव्याने मोजत नाहीत. तुमच्या हातातले पुस्तक कोरे करकरीत असले तरी पोलिसांच्या लेखी तुम्ही विनापरवाना आहात. काउंटरवरच्या मुलाने किल्ली दिली म्हणून कायदा बदलत नाही, आणि अपघात झाला तर तुमच्यासकट समोरच्याचेही आयुष्य उलटेपालटे होते.

त्यातल्या त्यात सरळ मार्ग म्हणजे भारतीय परवाना जपानी करून घेणे. परवाना मिळाल्यानंतर भारतात एकूण किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून जुने पासपोर्ट सांभाळा. परवान्याचे अधिकृत जपानी भाषांतर घ्या. ऑक्टोबर 2025 पासून लेखी परीक्षा कडक झाली आहे: पूर्वी दहा प्रश्न असत, आता पन्नास, आणि पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. पण भारतीय अडकतात ते मैदानावरच्या चाचणीत. आपणही डावीकडूनच चालवतो, म्हणून सोपे वाटते. परीक्षक मात्र तुमची मान बघत असतो. डावीकडे वळण्याआधी गाडी कडेला घेतली का, मग खांद्यावरून मागे वळून सायकलवाला पाहिला का, थांबा-रेषेच्या आधी चाके पूर्ण थांबली का. नुसता वेग कमी केला तर नापास. रेल्वे फाटक उघडे असले तरी थांबायचे, हा इथला कायदाच आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन-तीन तासांचा सराव विकत घ्या, ते पैसे सार्थकी लागतात.

तोवर नागानोला रेल्वे आणि बसने छान जाता येते. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोचा किल्ला तर स्टेशनवरून पायी आहे.

प्रश्न (योकोहामा): ऑफिसची ओन्सेन (गरम पाण्याच्या कुंडांची) सहल आहे. सगळ्यांसमोर विवस्त्र आंघोळ मला जमणार नाही. न जाणे वाईट दिसेल का?

सहलीला जा, सामायिक कुंडात उतरू नका. कोणी आग्रह करत नाही. बऱ्याच र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी अतिथिगृहांत) ‘काशिकिरी’ कुंड असते, तासाभरासाठी फक्त तुमचे. आरक्षणाच्या वेळीच विचारा. मैत्रिणींना ‘मी नंतर जाईन’ एवढे पुरते. पुढे कधी मन झालेच तर बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी असतात, आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचे, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. युकाता (तिथे देतात तो सुती झगा) नेसताना डावी बाजू उजवीवर घ्या. उलटी फक्त मृतांना नेसवतात. आणि कधी आजीला किंवा सासूबाईंना नेलेत तर हातावरच्या गोंदणाबद्दल आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी टॅटू चालत नाहीत, काही ठिकाणी झाकायला पट्टी देतात.

प्रश्न (कावासाकी): दुसऱ्या वर्षी जूनपासून पगार अचानक कमी झाला. कंपनीची चूक आहे का?

नाही, तो रहिवासी कर, ज्यूमिन्झेई. मागच्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नावर साधारण दहा टक्के, जूनपासून पुढच्या मेपर्यंत कापतात. पहिल्या वर्षी मागचे जपानी उत्पन्नच नसते, म्हणून पगार भरघोस वाटतो. 1 जानेवारीला पत्ता इथे असेल तर नंतर भारतात परतलात तरी तो द्यावाच लागतो, तेवढी रक्कम बाजूला ठेवा. फुरुसातो नोझेईची माहिती जरूर काढा: दुसऱ्या गावाला देणगी दिली की मर्यादेपर्यंतची रक्कम, 2,000 येन सोडून, करातून वजा होते आणि ते गाव तांदूळ किंवा फळे घरपोच पाठवते. तुमची मर्यादा पगारावर आणि कुटुंबावर ठरते, ती आधी काढा, आणि देणगी 31 डिसेंबरच्या आत द्या.