देव सारखा पावतोय, काय करू?

प्रश्न : आम्ही खानापूरचे पाच जण, कॉलेजात असल्यापासून आमचा आमचा एक रोलप्लेइंग खेळ खेळत आलोय, एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातली माणसं होतात. विकत मिळतो तसला नाही, नियम सगळे आम्हीच एका दोनशेपानी वहीत लिहिलेत. लमाणांचा तांडा गोव्याकडून मीठ भरून घाट चढतोय, भीमगडच्या जंगलातून वाट, वाटेत चोर, वाघ, पूर आलेली म्हादई, असं सगळं. फासे नाहीत, आजीच्या डब्यातल्या सहा कवड्या. उताण्या किती पडल्या ते मोजायचं, त्यात आपल्या खेळातल्या माणसाचा दम, डोकं नाहीतर जीभ यातला जो लागू असेल तो आकडा मिळवायचा आणि खेळ चालवणारा म्हणजे मी सांगेन तेवढं गाठायचं. सहाच्या सहा उताण्या म्हणजे देव पावला, एकही नाही म्हणजे वाट चुकली.

आता एक पुण्यात, दोघं बेंगळूरला, एक दुबईला आणि मी एकटा इथं. म्हणून रोल२०वर, म्हणजे असले खेळ लांबून खेळायच्या वेबसाइटवर, मांडला खेळ. कवड्या नाहीत म्हणून सहा बाजूंचा फासा घेतला, सहा कवड्या सहा बाजू, हिशोब बरोबरच वाटला. पण तीन बैठका झाल्या, मजाच येईना. देव सारखा पावालाय आणि वाट कुणाची चुकतच नाही. दुबईवाला म्हणतो फाउंड्री हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर विकत घेऊया, त्यात सगळे नियम कोडमध्ये बसवता येतात. घेऊ काय? आणि नावं मराठीत ठेवता येतील काय, तेवढं सांगा की.

— एक तांडेवाला, खानापूर

उत्तर : तांडेवाले, सॉफ्टवेअरला हात लावू नका, आधी त्या फाशाला घरी पाठवा. वाट चुकणार कशी हो? वाट चुकायला शून्य पडावं लागतं आणि सहा बाजूंच्या फाशावर शून्य नाहीच. तुम्ही नियमच काढून टाकलाय आणि वर विचारताय कुठं गेला!

आता देवाचं बघू. फाशावर सहा पडायची शक्यता सहात एक. सहा कवड्यांचं तसं नाही, प्रत्येक कवडी उताणी नाहीतर पालथी, म्हणजे एकूण ६४ तऱ्हा, त्यात सहाच्या सहा उताण्या फक्त एका तऱ्हेनं. वहीत देव ६४ वेळात एकदा पावत होता, आता सहा वेळात एकदा पावतोय. एवढा पावला तर त्याला नवस कोण बोलणार?

तीन बैठका होईपर्यंत तुमच्या लक्षात का आलं नाही तेही सांगतो, कारण गंमत तिथंच आहे. ६४ तऱ्हांत शून्य उताण्या १, एक उताणी ६, दोन १५, तीन २०, चार १५, पाच ६ आणि सहा १. म्हणजे मधे फुगवटा, दोन्ही टोकाला निमुळतं. आता एखाद्याला तीन किंवा जास्त पाहिजेत असं धरा. कवड्यांवर ६४ पैकी ४२, म्हणजे साधारण ६६ टक्के. फाशावर सहापैकी चार, ६७ टक्के. जवळजवळ एकच! नेहमीची कामं, बैल हाकणं, ओढा ओलांडणं, सगळी पूर्वीसारखीच होत राहिली म्हणून तुम्हाला संशय आला नाही. पण पाच किंवा जास्त लागतात तिथं कवड्यांवर ११ टक्के आणि फाशावर ३३. म्हणजे जे काम करायला तांड्यातल्या माणसानं दहा वेळा विचार केला असता, ते आता तिघातला एकजण सहज करून जातोय. खेळातली भीती गेली ती इथून.

उपाय एका ओळीचा आहे. दोन बाजूंचे सहा फासे टाका आणि बेरजेतून सहा वजा करा. प्रत्येक फासा १ किंवा २ देतो, सहा वजा केले की उरतो तो आकडा ० ते ६, म्हणजेच उताण्या कवड्या. चॅटच्या खोक्यात रोलची आज्ञा देताना ६, मग रोमन लिपीतला डी, मग २, मग वजा ६. आकडेही इंग्रजीच टाईप करायचे, मराठी कीबोर्डवरून टाकलेले नकोत, नाहीतर बसाल डोकं धरून. हे रोल२०वरही चालतं, फाउंड्रीवरही चालतं.

पण थांबा, आजीच्या कवड्या काही टाकसाळीतून आलेल्या नसतात. पाठ फुगीर, पोट चपटं, काहींची पाठ घासलेली, त्यामुळं उताणी आणि पालथी अगदी सारखी पडेलच असं नाही. रविवारी चहा घेत बसा, सहाही कवड्या पन्नास वेळा टाका आणि उताण्या मोजा, तीनशे नोंदी होतात. समजा १८० उताण्या निघाल्या, म्हणजे ६० टक्के. तर मग देव पावायची शक्यता ६४त एकवरून २१त एकच्या आसपास जाते आणि वाट चुकायची २४४त एक एवढी विरळ होते. बघा, तुमच्या वहीतला खेळ कदाचित आजीच्या कवड्यांमुळंच तसा होता आणि तुम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तसं निघालं तर दहा बाजूंचे सहा फासे घ्या आणि १ ते ६ पडलेले मोजा. दोन्हीकडं असं मोजायची सोय आहे, फक्त खुणा वेगळ्या. रोल२०वर नुसती ‘पेक्षा कमी’ची खूण आणि ६ लिहिलं तरी सहा धरला जातो, फाउंड्रीत मात्र ‘पेक्षा कमी किंवा तेवढाच’ असं पूर्ण लिहावं लागतं. इथं चुकलात तर १ ते ६च्या जागी १ ते ५च मोजले जातील आणि पुढच्या महिन्यात परत मलाच पत्र लिहाल.

आता फाउंड्री घेऊ काय. चांगली आहे, मी स्वतः वापरतो. ५० डॉलर एकदाच भरायचे, तेही फक्त खेळ चालवणाऱ्यानं, बाकीचे ब्राउझरमधून येतात. कोड न लिहिता आपले आपले आकडे मांडायला त्यात एक साधी सिस्टिम फुकट मिळते, तुमच्या दम-डोकं-जीभेला ती पुरून उरेल. पण ती चालते तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरून, बाकीच्यांना तुमच्या घरात यावं लागतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरच्या इंटरनेटवर बाहेरून आत यायची वाटच नसते. अख्ख्या चाळीला एकच पोस्टाची पेटी असली की दुबईहून आलेलं पत्र नेमकं कुणाच्या खोलीत टाकायचं ते पोस्टमनला कळत नाही, तसं बरीच गिऱ्हाईकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवलेली असतात. राऊटरवर पोर्ट म्हणजे आत यायचं दार उघडून काही होत नाही, मी दोन रात्री घालवल्यात त्यात, बायको विचारायला लागली की नोकरी बदलली काय. मग एकतर वेगळा पत्ता द्या म्हणून इंटरनेटवाल्याच्या मागं लागा, नाहीतर टनेल म्हणजे मधल्या सर्व्हरवरून आत यायची आडवाट लावा, नाहीतर दर महिन्याला पैसे भरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवा. शिवाय खेळाच्या ऐन मधे लाईट गेली की तुमच्यासकट सगळा तांडाच अंधारात. रोल२०वर निदान बाकीचे चौघे आत राहतात आणि तुम्ही मोबाईलवरून ‘आलो, आलो’ म्हणू शकता. माझं मत विचाराल तर फासा दुरुस्त करून अजून चार बैठका आहे तिथंच खेळा. तरी अडलं तर घ्या.

मराठी नावं ठेवा की बिनधास्त, दम, डोकं, जीभ देवनागरीत छान दिसतात. फक्त सूत्रात जे नाव वापरायचं ते रोमन अक्षरात, जागा न सोडता ठेवा, दिसायचं नाव मराठी आणि आतलं नाव रोमन. मग एक बटण करून ठेवा, दाबलं की कवड्याही पडल्या आणि दमही मिळवला.

आणि ‘सगळे नियम कोडमध्ये’ ही दुबईकरांची कल्पना मला पटली नाही. तुमची जीभ हा आकडा कशासाठी आहे? घाटावरच्या माणसाशी कानडीत, खालच्याशी कोकणीत बोलायला, हो ना? मी ज्या टोळीबरोबर टिळकवाडीत खेळतो तिथं असा नियम आहे की खेळणाऱ्यानं नाकेवाल्याशी खरोखर कानडीत घासाघीस केली तर एक कवडी जास्त. ‘स्वल्प कडिमे माडी’, म्हणजे जरा कमी करा, एवढंच येतं एकाला, तेवढ्यावर त्यानं दोन वर्षं काढलीत आणि तरी दरवेळी सगळे हसतात. हे कुठल्या बटणात बसवणार? बेरीज, नकाशा, कुणाकडं किती मीठ उरलं हे मशीनला द्या. कवडी जास्त द्यायची का नाही हे तुम्ही तोंडानं सांगा आणि त्यावर भांडण झालं तर होऊ द्या.

खरं तर कवड्याच टाकायच्या असतील तर मोबाईल एका उंच स्टीलच्या डब्यावर आडवा ठेवा, कॅमेरा खाली ताटाकडं, आणि सगळ्यांच्या कवड्या तुम्हीच टाका. आवाज चालू ठेवा. ताटात कवड्या पडल्याचा आवाज ऐकून पुण्यातला आणि बेंगळूरचे दोघं गप्प होतात का ते बघा.

प्रश्न : ड्रॉइंग पेपरवर गडाचा नकाशा काढलाय, त्याचा फोटो ऑनलाइन खेळात चढवला तर चौकटी जुळत नाहीत, एका बाजूला मोठ्या, एका बाजूला बारीक. काय चुकतंय? — येळ्ळूर

उत्तर : फोटो तिरका आलाय, दुसरं काही नाही. मोबाईलमधल्या कागद स्कॅन करायच्या ॲपनं घ्या, ते चारी कोपरे ओढून सरळ करतं. मग मोजून माप द्या. फाउंड्रीत एक चौकट मुळात १०० पिक्सेलची असते, रोल२०वर ७०. तुमचा नकाशा ३० बाय २० चौकटींचा असेल तर एकीकडं ३००० बाय २०००, दुसरीकडं २१०० बाय १४००. कागदावर पेनानं आखलेल्या चौकटी असतील तर सॉफ्टवेअरच्या चौकटी लपवा, दोन दोन रेघा दिसल्या की डोळे दुखतात. फाउंड्रीवर असाल तर फाईल वेबपी या फोटोच्या प्रकारात सेव्ह करा, हलकी होते, घरी बसून डेटा मोजणाऱ्या मित्रांचे आशीर्वाद लागतील. आणि राजहंसगडापासून बेळगावच्या किल्ल्यापर्यंतचा प्रवास दाखवायचा असेल तर चौकटी हव्यात कशाला, त्या बंदच करा.

प्रश्न : मुलगा रात्री ११ वाजेपर्यंत खोली लावून बसतो आणि आतून ‘तुझ्या बैलाचा पाय मोडला’, ‘फासे टाक’ असलं ऐकू येतं. हा जुगार तर नव्हे? — एक आई, निपाणी

उत्तर : ताई, पैसे लावत नसतील तर जुगार नव्हे. १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आला तेव्हापासून जगभर पोरं असलं खेळतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात आणि फासा फक्त जमलं का फसलं ते सांगतो. आपण सारीपाट मांडायचो, तोही फाशांवरच. अकराचं मात्र बोला त्याच्याशी, दहाला थांबायचं म्हणून सांगा. आणि एकदा दार वाजवून विचारा की बैलाचं पुढं काय झालं.