पंप बंद करू की गोळी?

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझ्या सासूबाईंना, आम्ही आईच म्हणतो, ३० वर्षांपासून दमा आहे, वय ६४. दिवाळीनंतर छातीत धडधड व्हायला लागली म्हणून ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. हार्टच्या डॉक्टरांनी ठोके आवरायची मेटोप्रोलॉल ५० आणि रक्त पातळ करायची गोळी दिली. धडधड थांबली पण तीनेक आठवड्यांनी रात्रीचा खोकला आणि घरघर सुरू झाली, आठवड्यातून एखाद्या वेळी लागणारा अस्थालिनचा पंप आता दिवसाला चार-पाच वेळा लागतोय आणि पंप मारला की हात थरथरतात, परत धडधड. शेजारच्या काकू म्हणतात पंपानेच हार्ट बिघडलं, तो बंद करा. मिस्टरांनी मेटोप्रोलॉल दोन दिवस बंद करून बघितली तर नाडी १४०वर गेली, सगळे घाबरलो. नक्की काय बंद करायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, घरच्या घरी काहीच बंद करायचं नाही, ना पंप ना गोळी. पण पुढच्या तारखेपर्यंत थांबायचंही नाही, उद्याच हार्टच्या डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की मेटोप्रोलॉल सुरू झाल्यापासून दमा वाढलाय, पंप दिवसाला चार-पाच वेळा लागतोय. हे एवढं वाक्य असंच सांगा.

आता होतंय काय ते बघा. आपल्या शरीरातलं अ‍ॅड्रेनलिन हृदयात बीटा-१ नावाच्या जागी काम करतं तेव्हा ठोके वाढतात आणि श्वासनळ्यांत बीटा-२ या जागी करतं तेव्हा नळ्या सैल होतात. अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, ते बीटा-२ला चालना देतं, आणि मेटोप्रोलॉल बीटा-१ अडवतं, म्हणजे कागदावर भांडण नाहीये. पण मेटोप्रोलॉलची निवड काटेकोर नसते, डोस वाढला की ते बीटा-२लाही थोडं अडवायला लागतं आणि काहींना कमी डोसलाही त्रास होतो. मग नळ्या आवळतात, आई पंप जास्त मारतात, जास्त पंपाने थरथर येते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ठोके वाढतात आणि घरच्यांना वाटतं पंपच वाईट. काकूंनी काळजीपोटीच सांगितलं असणार, पण दम्याच्या पेशंटचा पंप काढून घेणं फार धोक्याचं आहे हो, अटॅक आला तर जीव त्या पंपावर असतो. आणि मेटोप्रोलॉल अचानक बंद केली की इतके दिवस दाबून ठेवलेले ठोके उसळून येतात, तो १४०चा आकडा त्याचाच. मिस्टरांना रागवू नका, पण परत असं करू नका. रक्त पातळ करायची गोळी तर एक दिवसही चुकवायची नाही, ती ठोक्यांसाठी नसून पॅरालिसिसचा झटका येऊ नये म्हणून आहे.

डॉक्टरांना काय विचाराल? आईंचा २डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का आणि हृदयाची पंपिंग ताकद कशी आहे. ती चांगली असेल तर ठोके आवरायला डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल हा पर्याय असतो, त्यांचा बीटाशी संबंधच नाही, त्यामुळे दम लागत नाही (पायाला सूज, बद्धकोष्ठता होऊ शकते). ताकद कमी असेल तर या दोन गोळ्या चालत नाहीत, मग डॉक्टर बिसोप्रोलॉलसारखी जास्त निवडक गोळी अगदी कमी डोसने देऊन बघतात किंवा डिगॉक्सिनचा विचार करतात. सोटालॉल आणि कार्वेडिलॉल दोन्ही जागा अडवतात, दम्यात नकोतच. अ‍ॅमिओडॅरोन सुचवली तर फुप्फुसं आणि थायरॉइड किती दिवसांनी तपासायचं ते तिथेच विचारून घ्या, आधीच कमजोर असलेल्या फुप्फुसांना तिचा त्रास नको. आणि गोळी बदलून मिळाली तर जुनी स्ट्रिप डब्यातून काढून ठेवा, कारण मेटोप्रोलॉल आणि डिल्टियाझेम चुकून दोन्ही गेल्या तर नाडी ४०वर येऊन चक्कर येऊन पडलेले पेशंट मी पाहिलेत. जुनी एकदम थांबवायची की हळूहळू, हे डॉक्टर सांगतील तसंच.

आता मला जे जास्त बोचतंय ते सांगते. ३० वर्षं दमा आणि तुमच्या पत्रात फक्त अस्थालिन. अस्थालिन नळी तेवढ्यापुरती उघडतं, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवायला रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप लागतो. नुसत्या अस्थालिनवर दमा सांभाळू नका, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९पासून स्पष्ट लिहिलंय. स्टेरॉइड म्हटलं की घाबरायला होतं, सवय लागेल वाटतं, पण पंपातून जाणारा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि सवय लागत नाही, फक्त घेतल्यावर चूळ भरायची. तो नीट सुरू झाला की अस्थालिन आपोआप कमी लागेल आणि धडधडही. त्यामुळे छातीच्या डॉक्टरांकडेही याच आठवड्यात जा आणि जाताना हार्टची फाईल घेऊन जा, एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याने बघितलेलीच नसते, निम्मा घोळ तिथे होतो.

आई डेरिफायलिन घेतात का बघा, दम्यासाठी वर्षानुवर्षं चालू असते आणि कुणी सांगतच नाही. त्यातलं थिओफायलिन स्वतःच धडधड वाढवतं, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलबरोबर त्याचं रक्तातलं प्रमाण अजून वर जाऊ शकतं. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन बीपी वाढवू शकतं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक आणू नका, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्रावाची भीती आणि काही दमेकऱ्यांना त्याने अटॅकही येतो, पॅरासिटामॉल चालेल.

नाडी मोजताना ऑक्सिमीटरवर जाऊ नका, या आजारात ठोके अनियमित असतात त्यामुळे आकडा ९०, ११८, ७६ असा उड्या मारतो. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायचं, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. सकाळी चहाच्या आधी, वहीत लिहायचं, शेजारी त्या दिवशी किती पफ लागले तेही. दहा दिवसांची ती वही डॉक्टरांना माझ्या या उत्तरापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि रात्री-अपरात्री दम एवढा वाढला की एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, तर हार्टचा विचार न करता स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावून एकेक करत चार पफ द्या आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वय २७, दमा आहे. मला अचानक नाडी १८०-१९० होण्याचा त्रास आहे, एसव्हीटी सांगितलंय. मागच्या वेळी कॅज्युअल्टीत एक इंजेक्शन दिल्यावर नाडी जागेवर आली पण छाती एवढी आवळली की वाटलं संपलो. परत असं झालं तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते बहुतेक अ‍ॅडिनोसिन असावं, डिस्चार्ज कार्डवर बघा. ते दिल्यावर काही सेकंद छाती आवळते तशी कुणालाही आवळू शकते, पण दमा असलेल्यांच्या श्वासनळ्या त्याने खरंच आकसू शकतात, म्हणून शक्यतो टाळतात आणि व्हेरापामिलचं इंजेक्शन देतात. तेव्हा पाकिटात एक कार्ड ठेवा, त्यावर "एसव्हीटी, दमा आहे, अ‍ॅडिनोसिनने त्रास झाला" एवढंच लिहा, कारण १९० नाडी असताना बोलायला सुचत नाही. बसून १० मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन कुणाला तरी पाय वर उचलायला सांगायचं, या युक्तीने बऱ्याच जणांची नाडी जागेवर येते, तुमच्या डॉक्टरांकडून एकदा समोर करून शिकून घ्या. तुम्ही २७चे आहात, आयुष्यभर गोळ्यांपेक्षा अ‍ॅब्लेशनबद्दल विचारा, मांडीतून तार नेऊन हृदयातली चुकीची वाट जाळतात, बहुतेकांचा त्रास कायमचा जातो.

प्रश्न : बाबांना दमा आहे, काचबिंदूसाठी डोळ्यात थेंब सुरू केले आणि तेव्हापासून खोकला. थेंबांचा काही संबंध असू शकतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, असू शकतो. बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय का बघा, तो बीटा ब्लॉकरच आहे, म्हणजे वरच्या मेटोप्रोलॉलच्याच जातीचा, डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात जातो आणि नळ्या आवळतो. थेंब आपल्या मनाने थांबवू नका, काचबिंदूत नजर गेली की परत येत नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून दमा असल्याचं सांगा, लॅटॅनोप्रोस्टसारखे दुसरे थेंब मिळतात. एक लक्षात ठेवा, नाव "लॉल"ने संपलं की दम्यात चालेल का ते विचारायचं. साल्ब्युटामॉल आणि पॅरासिटामॉल "मॉल"वाले आहेत, त्यांना घाबरू नका.