पहिल्या सायडरसाठी एवढेच सांभाळा

इंग्लंडमधल्या हिअरफर्डशरमध्ये राहून सफरचंदांच्या हंगामात सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य, करून पाहण्याचा तुमचा विचार फार चांगला आहे. पहिल्या खेपेला 4.5 लिटरची एकच काचेची बरणी पुरे. रस विकतचा घेतलात, तर त्यात पोटॅशियम सॉर्बेट नाही ना, हे लेबलावर आधी पाहा, कारण त्याने रस आंबवणाऱ्या यीस्टची वाढ खुंटते. भांडी नुसती धुऊ नका, निर्जंतुक करा.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक घाईची असते: रस आंबताना निघणारे वायूचे बुडबुडे थांबताच ते बाटल्या भरतात, उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा काम करू लागते आणि बंद बाटली फुटते. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा 1.000 च्या आसपास येऊन आठवडाभर तसाच राहिला, तरच भरा. मध्येच कुजक्या अंड्यासारखा वास आला, तरी रस ओतून देऊ नका. तो बहुधा आपोआप जातो. खरी चव दोन-तीन महिने मुरल्यावरच खुलते.