नांदूर मध्यमेश्वरला हळदी-कुंकू बदकांच्या थव्यात हिरवट डोक्याचं एक बदक दिसलं. ते मॅलार्डशी (या रानबदकाच्या नराचं डोकं हिरवं असतं) झालेला संकर असेल का?

असू शकतं. पण संकर हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढावा.

आधी तारीख बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्या स्थलांतरित बदकांच्या नरांना विणीचा पिसारा पुरता आलेला नसतो. थापट्या (शॉव्हेलर) बदकाच्या नराचं डोकं तेव्हा ठिगळं लावल्यासारखं हिरवं दिसतं. चोच रुंद, चपटी असेल तर तो थापट्याच. चोचीच्या मुळाशी लाल ठिपका नाही, एवढ्यावरूनही संकर म्हणू नका. हळदी-कुंकूच्या मादीत तो बारीक असतो किंवा नसतोच, पिल्लांतही नसतो.

खरी खूण पंखात सापडते. हळदी-कुंकूचा चकाकता पट्टा हिरवा असतो आणि मिटलेल्या पंखावर पाठीकडे ठसठशीत पांढरी पिसं दिसतात. मॅलार्डचा पट्टा निळा-जांभळा, दोन्ही बाजूंनी पांढरी किनार. संकरात हे सगळं अर्धवट उतरतं: पट्टा निळसर, पाठीकडची पांढरी पिसं कमी, काळ्या चोचीत हिरवट-पिवळा रंग, आणि नर असेल तर शेपटीवर वर वळलेली काळी पिसं. एकाच खुणेवर भिस्त ठेवू नका, निदान तीन जुळल्या पाहिजेत. हिरवी झाक उजेडाच्या कोनाप्रमाणे बदलते, त्यामुळे एकुलता एक फोटो फसवतो. बाजूने एक आणि पंख उघडताना किंवा उडताना एक, असे दोन तरी हवेत.

आता दुसरा पालक कोण? रानटी मॅलार्ड महाराष्ट्रात क्वचितच येतो. पाळीव बदकं मात्र, मस्कोवी ही जात सोडली तर, मॅलार्डचीच वंशज. धरणाकाठी मोकळी सुटली की हळदी-कुंकूशी जोडी जमू शकते. जड, लोंबतं पोट आणि छातीवर वेडेवाकडे पांढरे डाग दिसले, तर मला आधी गावठी रक्ताचीच शंका येईल.

हळदी-कुंकू आणि मॅलार्ड एकाच वंशातले (Anas) जवळचे नातलग, त्यामुळे संकरित पिल्लं बहुधा प्रजननक्षम असतात. ती पुन्हा हळदी-कुंकूशी जुळली की पुढच्या पिढ्यांत फरक डोळ्यांना दिसेनासा होतो; तिथे डीएनएच लागतो. न्यूझीलंडमध्ये माणसांनी आणून सोडलेल्या मॅलार्डमुळे तिथल्या स्थानिक करड्या बदकाचं असंच झालं, शुद्ध पक्षी ओळखणं अवघड होऊन बसलं. म्हणून पाळीव बदकं जलाशयावर सोडणं मला गंभीर वाटतं.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना खात्री नसेल तर प्रजातीचं नाव न टाकता ‘बदक, प्रजाती अनिश्चित’ असा पर्याय घ्या. चोच, पंखावरचा पट्टा, शेपूट आणि पाय यांचं वर्णन फोटोंसोबत टिपणात लिहा.