स्वतःचीही एक ऑर्डर घे

भाऊ,

तुझं पत्र मिळालं. ‘सीझनभर लग्नांचे फोटो काढले, आता कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही’ असं लिहिलंस आणि खापर लग्नांवर फोडलंस. मला ते पटत नाही. लग्नाचा अल्बम वेळेवर होतो, कारण पोरीचा बाप आठवड्यातून दोनदा फोन करतो. तुझ्या स्वतःच्या फोटोंसाठी कोणाचा फोन येत नाही, म्हणून ते पडून राहतात. तेव्हा त्याचीही ऑर्डर घे. विषय, तारखा, खर्च, किती प्रिंट आणि कधी द्यायच्या, हे गिऱ्हाइकाचं लिहितोस त्याच वहीत लिही.

तारखा आपल्याकडे आयत्या आहेत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. त्यातले पहिले दोन आठवडे राहिलेल्या अल्बमांना आणि सामानाला दे. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून लेन्स चामड्याच्या बॅगेत ठेवू नकोस. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाक, पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेव आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघ. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. त्यानंतर आठवड्यातला एक वार स्वतःचा, समज सोमवार. त्या दिवशी बारसं आलं, साखरपुडा आला, तर ‘तारीख बुक आहे’ एवढंच सांगायचं. आहेच ना बुक!

विषय एकच घे आणि गाडीवर अर्ध्या तासात पोचता येईल असा घे. तोरणमाळच्या डोंगरावरचं धुकं, सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे सगळेच काढतात. तिथे वर्षातून एकदा जाणाऱ्याला जे मिळायचं तेच तुला मिळेल. दहा वेळा एकाच ठिकाणी गेलास की नजर बसते. चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस घराबाहेर क्वचित पडत. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. त्यामुळे ‘इथे काढण्यासारखं काय आहे’ हे मला सांगू नकोस.

तू केळीच्या बागांच्या रावेरकडचा, तर केळीच घे ना. बागेत शिरलास की पहिली अडचण रंगाची. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगाची जुळणी, त्याला अर्धाच सावरतो आणि माणसं आजारी दिसतात. उजेडाच्या रंगाचा आकडा, म्हणजे केल्व्हिन, ५२०० च्या आसपास बांध, टिंट (हिरवा-जांभळा तोल) मॅजेंटाकडे थोडा सरकव. तरीही चेहरा नीट हवा असेल तर माणूस बांधावर येईपर्यंत थांब, तिथे मोकळ्या आभाळाचा उजेड असतो. कटाईत एकजण घड कापतो, दुसरा खांद्यावर घेतो. घड खांद्यावर आदळतो तेव्हा माणूस गुडघ्यात किंचित वाकतो, खरा फोटो तोच; सेकंदाच्या १/५०० पेक्षा हळू शटरवर तो हलतो. चिकापासून जप. केळीचा चीक कापडावर वाळला की काळा डाग जात नाही, आणि चीक लागलेल्या फडक्याने लेन्स पुसलीस तर काचेवर चिकट थर बसतो. लेन्सचं फडकं वेगळ्या पिशवीत ठेव, शर्टाच्या खिशात नको.

बागेतलं हे शिक्षण मांडवात कामी येतं. गुलाबी कापडाखाली दुपारचा उजेड गुलाबीच येतो. फ्लॅश वर करून छतावर मारलास तर तोही गुलाबी होऊन खाली पडतो, आणि हा रंग नंतर कॉम्प्युटरवर पूर्ण निघत नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू गुलाबी आणि दुसरी बाहेरच्या उजेडात निळसर असते. नवरीला मांडवाच्या कडेला आण, काम संपलं. हळदीला साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) फसवतो. पिवळ्यात लाल रंगाची वाहिनी आधी फुटते, म्हणजे त्यातला तपशील जातो; म्हणून लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लाव आणि एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, अर्ध्या स्टॉपने खाली ठेव. एलईडी झालरींचे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० कर, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये शिरू देऊ नकोस, सेन्सर जळतो. तो खर्च कुठलंही लग्न भरून देणार नाही.

कॅमेऱ्यात सेटिंग साठवायच्या जागा असतात; सी-१ वर लग्नाची साठव, सी-२ वर स्वतःची. हे केलं नाही की रविवारच्या रिसेप्शनचा ३२०० केल्व्हिन सोमवारी बागेत तसाच राहतो आणि सगळं निळं येतं. कार्डही वेगळं. लग्नाचं कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, त्यामुळे सोमवारी तेच कार्ड घेऊन निघालास तर जागा नाही म्हणून अडशील, नाहीतर घाईत चुकीचं पुसून बसशील.

आता पैसे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समज, ऑर्डर ५०,००० ची. मदतनीस ६,०००, बारा-बाय-छत्तीसचा अल्बम ९,०००, पेट्रोल-जेवण २,०००. एवढं सगळेच धरतात. कॅमेऱ्याची झीज कोणी धरत नाही. दीड लाखाच्या बॉडीचं शटर दोन लाख क्लिकचं असेल आणि एका लग्नात ३,००० क्लिक होत असतील, तर प्रत्येक लग्नाला २,२५० रुपये कॅमेराच खातो. शिवाय ६०० फोटोंना मिनिटाला एक धरलं तरी दहा तास एडिटिंग. हे धरून भाव सांग. प्रत्येक ऑर्डरमधले पाच टक्के, म्हणजे इथे २,५००, दुसऱ्या खात्यात टाक. वीस लग्नांत पन्नास हजार होतात. तुझे सोमवार, प्रिंट, एखादी ३५ मिमी लेन्स त्यातूनच. त्या खात्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही, आणि हौसेचा खर्च घरखर्चातून काढायचा नाही.

पैशांचा एक तृतीयांश हिस्सा बुकिंगला, तेवढाच हळदीच्या दिवशी, उरलेला अल्बम देण्याआधी. ‘कापूस घरात पडलाय, भाव आला की देतो’ असं ऐकायला मिळेलच. माणूस खोटं बोलत नसतो, कापूस खरंच पडलेला असतो. तरीही अल्बम तुझ्याकडेच राहू दे. नात्यातले ‘काढी दे ना भाऊ, दोनच फोटू’ म्हणतील. दोन काढून दे, हसत. तिसऱ्यापासून बिल.

बिलावर एक ओळ छापून घे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नातला तुझा सर्वात आवडता फोटो प्रदर्शनात लावायचा असेल तर तशी परवानगी बिलावरच लिहून घ्यायला हवी. सोमवारचे फोटो तुझे. पण त्यातल्या मजुराला प्रिंट नेऊन दे, पुढच्या वेळी तो तुला बागेत बोलावून नेईल.

एक धोका सांगून ठेवतो. केळीचे फोटो चांगले आले की कोणीतरी म्हणेल, ‘आमच्या मालाचे असेच काढून दे.’ घे ते काम, पण वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या कार्डवर. सोमवारी घड पुसून, रांगेत मांडून फोटो काढायला लागलास तर तो सोमवार गेला. पहिलं वर्ष तरी सोमवारचा एकही फोटो विकू नकोस.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशची देवी कानबाई बसेल तेव्हा घरीच असशील. नैवेद्याचे रोट भाजताना चुलीजवळचा उजेड बघ, फ्लॅश कपाटात राहू दे, कमी उजेडासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर न्यायला घाबरू नकोस. कार्तिकीच्या आत आठ-बाय-बाराच्या मॅट कागदावरच्या वीस प्रिंट मला पोस्टाने पाठव. मोबाइलवर पाठवलेस तर बघणार नाही. तोवर आल्या नाहीत तर मी पोरीच्या बापासारखा आठवड्यातून दोनदा फोन करीन.

तुझा,
दादा