14 महिन्यांच्या बाळाला क्रूप झालाय, रात्री नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की बाळ दोन रात्री कुत्रं भुंकल्यासारखं खोकतंय, दिवसा मात्र खेळतंय. डॉक्टरांनी क्रूप सांगून घरी पाठवलं आणि आता आज रात्रीची धास्ती वाटतेय. माझी मुलगी 16 महिन्यांची असताना मी याच रात्री काढल्यात आणि पुढच्या हिवाळ्यात परत एकदा. मी डॉक्टर नाही, एक आई म्हणून सांगतेय.

आधी आजची गोष्ट. बाळाला रडू देऊ नका. ऐकायला साधं वाटतं, पण क्रूपमध्ये निम्मं औषध तेच आहे. या आजारात स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खालची श्वासनळी सुजते. एवढ्या लहान बाळाची नळी तिथे जेमतेम 4 मिलिमीटरची असते. आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली की व्यास उरतो 2, म्हणजे हवेची वाट चौथाईवर येते. बाळ रडतं तेव्हा श्वास जोरात ओढतं, तशी ती मऊ नळी आणखी आत दबते. म्हणून मांडीवर बसतं धरा, पाठ तुमच्या छातीला टेकवून. आडवं झोपवायचा हट्ट नको. पाणी किंवा दूध घोटघोट द्या, अंगावर पीत असेल तर तेच उत्तम. ताप असेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या, तापाने श्वास वाढतो.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नाशिकमध्ये डिसेंबर होता. संध्याकाळी नुसतं नाक वाहत होतं आणि रात्री दीड वाजता त्या खोकल्याने जाग आली. खोकून झालं की श्वास आत घेताना घशातून करकर आवाज यायचा. सासूबाई म्हणाल्या, "डांग्या खोकला आहे गं हा." बऱ्याच घरांत हीच गल्लत होते. डांग्या खोकल्यात उबळीमागून उबळ येते, पुष्कळदा शेवटी उलटी होते आणि तो कित्येक आठवडे चालतो. क्रूप बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूने होतो, मुख्यतः 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांना, आणि दोन-तीन रात्रींत उतरतो.

मी गीझर लावून बाथरूममध्ये वाफ केली आणि तिला घेऊन आत बसले. त्या कोंडलेल्या उकाड्यात ती घाबरली, अंग ताठ करून रडायला लागली आणि करकर दुप्पट झाली. वाफेने क्रूप कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट गरम पाण्याने मुलं भाजतात. शेवटी ह्यांनी तिला गोधडीत गुंडाळून गॅलरीत नेलं. पंधरा-वीस मिनिटांत आवाज बराच खाली आला. जिनिव्हातल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सौम्य ते मध्यम क्रूपच्या मुलांना अर्धा तास बाहेरच्या थंड हवेत ठेवल्यावर आराम पडला होता. अर्थात तिथली थंडी 10 अंशांच्या खालची. मुंबई-ठाण्याकडे तेवढी मिळणार नाही, तरी कडेवर घेऊन उघड्या खिडकीशी उभं राहायला हरकत नाही.

ओवा-बाळंतशेपेची धुरी अजिबात नको, सुजलेल्या घशाला धूर झोंबतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. घरात दम्याचं नेब्युलायझर असलं तरी त्यातल्या औषधाने ही सूज उतरत नाही. आणि खोकल्याचं सिरप तर नकोच. 2 वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर 2025 मध्ये काढली आहे.

आता दवाखाना कधी, ते. खोकला कितीही भेसूर असला तरी त्यावरून ठरवू नका. झबलं वर करा आणि उजेडात, बाळ शांत असताना एक मिनिट छाती बघा. गळ्याखालची खळगी किंवा बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय का? मांडीवर शांत बसूनही करकर येतेय का? तसं असेल तर उजाडायची वाट बघू नका. ओठ निळसर, लाळ गळतेय पण गिळता येत नाही, किंवा बाळ मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. मलूल बाळाचा आवाज अचानक कमी झाला तर बरं वाटतंय असं समजू नका, ते दमलेलं असतं. आणि सर्दी नसताना खाता-खेळता एकदम सुरू झालं तर शेंगदाणा-फुटाणा अडकलेला असू शकतो, तेव्हाही थेट हॉस्पिटल.

आमच्या डॉक्टरांनी तिला माझ्या मांडीवरून उचललंसुद्धा नाही. घशात चमचा घातला नाही, झबलं वर करून नुसतं बघत राहिले. मग वजनाप्रमाणे डेक्सामेथासोनचा एकच डोस तोंडाने दिला. स्टिरॉइड म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, पण या एका डोसाने सूज काही तासांत उतरू लागते. तुमच्या बाळाला तो मिळालाय का, हे आज फोन करून विचारा. मनाने मात्र देऊ नका. दुसऱ्या हिवाळ्यात तिला हॉस्पिटलमध्ये अॅड्रिनलिनचं नेब्युलायझेशन लागलं. त्याने दहा-पंधरा मिनिटांत मोकळं वाटतं, पण असर दोनेक तासांत ओसरतो, म्हणून तीन-चार तास तिथेच थांबवून ठेवतात. घरी जायची घाई करू नका.

आणखी एक, आज रात्री आवाज आला तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, छाती दिसेल असा. सकाळी डॉक्टरांसमोर बाळ हसत असतं आणि आपल्याला तो आवाज तोंडाने काढून दाखवता येत नाही.